आदिवासींच्या गोष्टीतले पक्षी: आठवीच्या पोरीचा चार्ट, मदत पाहिजे (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळाय, पण इथं सगळ्या टाइपची माणसं आहेत म्हणून विचारायलोय.

माझी पोरगी आठवीला आहे. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो म्हणून शाळेत चार्ट लावायचेत आणि तिच्या वाट्याला आलंय 'आदिवासी लोककथांतील पक्षी'. आता मी पडलो टॉवेलच्या धंद्यातला माणूस, मला यंत्रमाग विचारा, पक्षी म्हणलं की हिप्परग्याच्या तळ्यावर दिसतात ते बगळे आणि बायको गच्चीवर पापड घालती तेव्हा येणारे कावळे, एवढीच आपली ओळख. मोबाईलवर शोधलं तर जिथं बघावं तिथं एकच माल, 'आदिवासी लोक घुबडाला ज्ञानाचं प्रतीक मानतात', 'आदिवासी लोक गरुडाला देवाचा दूत मानतात', खाली फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ. मी म्हणलं हे उतरवून काढ आणि झोप. तर पोरगी म्हणायली, पप्पा कुठले आदिवासी? गडचिरोलीचे का अमेरिकेचे? मी म्हणलं सगळेच असतील की. तर म्हणती, 'महाराष्ट्रातले लोक कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातात' असं कुणी चार्टवर लिहिलं तर कोल्हापूरवाले गप बसतील का?

आता ह्याला काय उत्तर देणार. तर कुणाला खरी गोष्ट माहिती असेल, म्हणजे कुणाची, कुठली, कुठला पक्षी हे धरून, तर सांगा. आणि आपल्या सोलापूर भागातलं काही असेल तर लई बरं, कारण बाईंनी 'स्थानिक उदाहरण' म्हणून एक कॉलम ठेवायला सांगितलाय. ३ दिवस आहेत हातात.

---

माळावरचा_गडी

पोरीला आधी माझ्याकडून शाबासकी सांगा. हे जे 'आदिवासी मानतात' छाप लिखाण आहे ना त्याचा मला पण लई राग येतो. भारतातच शेकड्यानं जमाती, प्रत्येकीची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि हे लोक एका ओळीत सगळ्यांना गुंडाळून मोकळे.

आणि सोलापुरात बसून पक्ष्यांसाठी गुगल कशाला करायलाय राव? मारुती चितमपल्ली सर इथलेच की. १९३२ ला सोलापुरात जन्म, आयुष्यभर वनखात्यात, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट असं फिरून शेवटी परत सोलापुरातच आले आणि २०२५ च्या जूनमधी इथंच गेले. त्याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली होती. पक्ष्यांची आणि झाडांची कितीतरी नावं त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून गोळा केली, पुस्तकात वाचून नाही. त्यांची पुस्तकं बघा, पोरीला आवडतील.

आता गोष्ट. माझी सगळ्यात आवडती संताळांची आहे. संताळ म्हणजे झारखंड, बंगाल, ओडिशा, बिहार ह्या पट्ट्यातले. त्यांच्याकडं माणूस पक्ष्याच्या अंड्यातून आलाय!

सुरुवातीला सगळीकडं पाणीच पाणी. ठाकूर जिऊनं मातीची दोन माणसं करून वाळत ठेवली होती, तर आभाळातनं एक घोडा उतरला आणि तुडवून गेला. ठाकूर वैतागला, म्हणला आता मातीची नको. मग त्यानं स्वतःच्या छातीजवळचं काढून दोन पक्षी केले, हाँस आणि हाँसील, हंसाची जोडी समजा. फुंकर मारली, उडाले. पण उडून उडून बसणार कुठं? खाली नुसतं पाणी. परत येऊन ठाकूरच्या हातावर बसायले. ह्या पक्ष्यांना बसायला जागा पाहिजे म्हणून जमीन करायची ठरली, माणसासाठी नाही, हे लक्षात घ्या. मगर आली, कोळंबी आली, मासा आला, खेकडा आला, सगळ्यांनी तळातनं माती आणायचा प्रयत्न केला, वर येईस्तोवर पाण्यात विरघळून जायची. शेवटी गांडूळ म्हणलं मी करतो, पण कासवानं पाण्यावर थिर उभं राहायला पाहिजे. कासवाचे चारी पाय साखळ्यांनी बांधले, गांडुळानं शेपूट कासवाच्या पाठीवर ठेवलं, तोंड तळाला लावलं, आणि तिकडनं माती खायची इकडनं काढायची. अशी जमीन झाली. गांडुळाचं हे काम आपले शेतकरी अजून बघतातच की. मग जमिनीवर गवत उगवलं, त्या गवताच्या बेटात पक्ष्यांनी घरटं केलं, दोन अंडी घातली आणि त्यातनं निघाले पिलचू हाडाम आणि पिलचू बुढी, पहिला बाप्या आणि पहिली बाई. आणि मग त्या दोन पक्ष्यांना काळजी, ही लेकरं ठेवायची कुठं, खायला काय घालायचं!

ही गोष्ट १८७० च्या आसपास कोलियान नावाच्या म्हाताऱ्या संताळ गुरूनं सांगितली, स्क्रेफ्सरुड म्हणून नॉर्वेचा मिशनरी होता त्यानं संताळीतच उतरवून घेतली आणि १८८७ ला छापली. म्हणजे कुणी सांगितली ह्याचं नाव पण आहे. पोरीला सांगा चार्टवर कोलियान गुरूचं नाव लिही.

---

वडाळ्याची_ताई

@माळावरचा_गडी मस्त. ह्यालाच जोडून गोंडांची घ्या की. मी मंडल्याला काही वर्षं नोकरीला होते तिथं ऐकलेली, आणि मध्य प्रदेशातल्या गोंड-बैगा लोकांच्या जुन्या संग्रहात पण ती आहे. तिथं पण पाणीच पाणी, बडादेव कमळाच्या पानावर बसलेला. त्यानं अंगावरचा मळ काढला, चोळला आणि त्याचा केला कावळा. मळाचा गणपती माहितीय आपल्याला, हा मळाचा कावळा. त्याला सांगितलं जा माती शोध. कावळा उडत गेला, उडत गेला, दमून पडायच्या बेताला आला तर पाण्यातनं वर आलेला एक दांडा दिसला, त्यावर टेकला. तो दांडा म्हणजे महाकाय खेकड्याची नांगी. खेकडा म्हणला कोण रे तू. मग खेकडा त्याला घेऊन तळाशी गेला, माती गिळून बसलेला होता एक किडा, गांडुळासारखा, त्याची मान आवळली तशी त्यानं माती ओकली, आणि कावळा ती चोचीत धरून परत आला.

बघा, संताळांकडं गांडूळ माती देतंय, इकडं गांडुळाला मान धरून ओकायला लावलंय 😄 एकाच बाजूचे वाटतात पण सांगणाऱ्याचा स्वभाव वेगळा.

आणि चित्र काढायचं असेल तर परधान गोंडांच्या चित्रांची पद्धत बघा. जनगढसिंह श्याम म्हणून मोठे कलाकार होऊन गेले, पाटणगढचे, त्यांनी घराच्या भिंतीवरची चित्रं कागदावर आणली. अंगभर बारीक ठिपके, बारीक रेघा, पक्ष्याच्या पोटात झाड. आठवीच्या पोरीला जमतं, वेळ लागतो फक्त. वारली नको काढू म्हणावं, सगळ्या शाळा 'आदिवासी' म्हणलं की वारलीच काढतात.

---

कडक_भाकरी

अहो पण हे सगळं अंधश्रद्धाच ना शेवटी? मुलांना काय शिकवायलोय आपण? टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, घुबड दिसलं की अपशकुन, कावळा शिवला नाही तर आत्मा अडकला. ह्यातूनच घुबडं मारली जातात दिवाळीला. विज्ञानाच्या जमान्यात शाळेनं असले चार्ट लावू नयेत असं माझं स्पष्ट मत.

---

माळावरचा_गडी

@कडक_भाकरी दोन गोष्टींचं कालवण करायलाय तुम्ही. गोष्ट ही गोष्ट असती, कुणी संताळ माणूस गांडूळ घेऊन जमीन तयार करायला जात नाही. आणि टिटवी, कावळा शिवणं हे तुमच्या-माझ्या घरातलं आहे, आदिवासींवर कशाला ढकलता.

टिटवीचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूला आहे. आमच्या चुलत्याच्या शेतात विहिरीच्या कठड्याजवळ, चांगलं उंचावर, टिटवीनं चार अंडी घातली होती. चुलते गावभर सांगत सुटले, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. त्या वर्षी आम्ही टँकरचं पाणी प्यायलो. नंतर कळलं टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालती! म्हणजे दरवर्षी चार महिने पाऊस. पंचांग छापायची पण गरज नाही.

पण सगळंच असं फुसकं नसतं. आफ्रिकेत मोझांबिकला नियासा म्हणून जंगल आहे, तिथं याओ लोक मध गोळा करतात. तिथं हनीगाईड नावाचा एक चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट रंगाचा पक्षी असतो, तो माणसाजवळ येऊन ओरडतो आणि झाडाझाडावरनं पुढं पुढं जात पोळ्यापर्यंत नेतो. माणूस धूर करून पोळं फोडतो, मध नेतो, मेण पक्ष्याला. याओ लोक त्याला बोलवायला एक खास आवाज काढतात, जिभेनं 'ब्रर्रर्र' आणि शेवटी 'हम्'. बापाकडनं शिकतात. २०१६ ला शास्त्रज्ञांनी हे मोजून बघितलं. नुसतं चाललं किंवा दुसरा कसला आवाज केला तर पक्षी वाट दाखवायला यायची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास, हा आवाज केला की ६६. डबल! आणि हा पक्षी पाळलेला नाही बरं का, रानातलाच. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी म्हण आहे की मेण त्याच्यासाठी ठेवलं नाही तर पुढच्या वेळी तो तुम्हाला पोळ्याकडं नाही, सिंहाच्या किंवा सापाच्या तोंडी नेतो. आता सिंहाचं काही कुणी मोजलेलं नाही. पण ठरलेला वाटा द्यायचा हे पक्कं डोक्यात बसतं की नाही?

---

सोलापूर_ते_व्हँकुव्हर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, विषय बघून राहवलं नाही. मी मूळचा विजापूर वेशीतला, आता बारा वर्षं झाली कॅनडात. इथल्या पश्चिम किनाऱ्याला हायडा, त्लिंगिट, सिमशियन असे मूळचे लोक आहेत आणि त्यांचा हिरो कोण माहितीय का? कावळा. म्हणजे रेव्हन, आपल्या डोमकावळ्याचा थोराड भाऊबंद, घारीएवढा मोठा, आवाज घशातनं 'क्रॉक'. पहिल्यांदा बर्फात बघितला तेव्हा मला आईच्या वर्षश्राद्धाला गच्चीवर वाट बघायला लावणारा कावळा आठवला, खोटं नाही सांगत.

तर गोष्ट. जगात अंधार होता. सगळा उजेड एका म्हाताऱ्यानं पेटीत ठेवला होता, त्या पेटीत पेटी, त्यात आणखी पेटी. रेव्हनला अंधारात धडपडायचा कंटाळा आला. म्हाताऱ्याची पोरगी पाण्याला जायची, तर हा झाला झाडाची बारीक सुईसारखी पात आणि तिच्या पाण्यात पडला. तिनं पाण्याबरोबर गिळला, दिवस राहिले, आणि म्हाताऱ्याचा नातू म्हणून हाच जन्माला आला. नातू म्हणलं की आजोबा पाघळणारच, जगात कुठंही जा. नातवानं पेटीसाठी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबांनी एक पेटी दिली, मग दुसरी, मग शेवटी आतला उजेडाचा गोळा खेळायला दिला. गोळा हातात आला की ह्यानं परत पक्ष्याचं रूप घेतलं आणि चुलीच्या धुराड्यातनं पसार! काही ठिकाणी सांगतात की तोवर तो पांढरा होता, धुराड्याच्या काजळीनं काळा झाला.

हा देव पण नाही आणि संत तर अजिबात नाही. खादाड, चोर, लबाड. उजेड पण त्यानं जगाच्या भल्यासाठी आणला का स्वतःच्या सोयीसाठी, ह्यावर इथली माणसं हसत हसत वाद घालतात.

दुसरी एक हायडांची, बिल रीड म्हणून मोठे शिल्पकार होते त्यांनी ती पिवळ्या देवदाराच्या लाकडात कोरलीय, १९८० ची आहे, इथल्या विद्यापीठाच्या म्युझियममधी ठेवलीय, मी पाहुणे आले की प्रत्येकाला नेतो. किनाऱ्यावर एक शिंपला पडलेला, रेव्हन त्यावर बसलाय, आणि शिंपल्यातनं पहिली माणसं घाबरत घाबरत डोकी बाहेर काढायलीत. एकाचं तर नुसतं ढुंगण दिसतं. ह्या शिल्पाचं चित्र कॅनडाच्या २० डॉलरच्या नोटेवर पण होतं काही वर्षं.

आणि एक महत्त्वाचं. हायडा समाजाचे दोन भाग आहेत, रेव्हन आणि गरुड. रेव्हनवाल्यानं गरुडवालीशीच लग्न करायचं, आपल्यात आपल्यात नाही, आणि लेकरू आईच्या बाजूचं. मला हे एका हायडा सहकाऱ्यानं सांगितलं तेव्हा मी त्याला 'देवक' समजावून सांगितलं, की आमच्याकडं मोऱ्यांचं देवक मोराचं पीस असतं, लग्नात त्याची पूजा होते, एक देवक असलं की सोयरीक जमत नाही. तो म्हणला मग तुम्ही आमचेच की.

अजून एक, इथं गोष्ट कुणाची हे लई मानतात. काही गोष्टी, काही चिन्हं ठरावीक कुळाच्या मालकीची असतात, दुसऱ्यानं ती न विचारता सांगायची नाही. म्हणून मी फक्त त्या दोनच लिहिल्या ज्या सगळीकडं उघड सांगितल्या जातात. तुमची पोरगी 'कुठले आदिवासी' विचारती ते बरोबरच आहे.

---

वडाळ्याची_ताई

देवकावरून आठवलं, भिल्लांमधी मोरी नावाचं कुळ आहे, त्यांचं कुळचिन्ह मोर. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत आहे की ते मोराच्या पावलांच्या ठशावर पाय पडू देत नसत, आणि त्या कुळातल्या बायका मोर समोर आला की पदर ओढून तोंड फिरवायच्या. मोरासमोर सासऱ्यासारखी मर्यादा! आता कितपत पाळतात ते तिकडच्या माणसानंच सांगावं.

---

एमूत_बुडालेला

पक्षी म्हणलं की मला एमूच आठवतो 😂 २०११-१२ ला इकडं एमूपालनाची लाट आली होती, आम्ही पण घातले पैसे, अंड्याला हजार-दीड हजार मिळणार म्हणून सांगितलेलं, विकणारी पार्टी गायब झाली आणि शेवटी एमू पोसून पोसून आम्ही वाळलो. त्यामुळं मी एमूबद्दल इंटरनेटवर सगळं वाचून काढलंय, निदान ज्ञान तरी पदरात.

ऑस्ट्रेलियात कामिलरोई आणि इतर बऱ्याच मूळच्या लोकांना आकाशात एमू दिसतो. पण आपल्यासारखं ताऱ्याला तारा जोडून नाही, आकाशगंगेच्या मधी जे काळे पट्टे असतात ना, उजेड नसलेली जागा, त्याचा एमू. डोकं त्रिशंकूजवळच्या काळ्या डागात, मग लांब मान, मग वृश्चिक-धनूकडं धड. एप्रिल-मेमधी तो पळताना दिसतो, तेव्हा खालचे एमू जोडीदाराच्या मागं पळत असतात. नंतर जून-जुलैत पाय दिसेनासे होतात, एमू घरट्यावर बसल्यासारखा, तेव्हा अंडी असतात. म्हणजे आकाश बघून कळायचं अंडी गोळा करायला कधी जायचं. आमच्या एजंटनं एवढं जरी सांगितलं असतं तरी मी त्याला माफ केलं असतं.

---

तितराचा_नातू

स्थानिक उदाहरण पाहिजे म्हणालात म्हणून लिहायलोय. लिहू का नको हा विचार दोन दिवस केला.

आम्ही फासेपारधी. आज्जा सोलापूरच्या सेटलमेंटमधी वाढला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला आणि आख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यात आम्ही पण. सोलापूरला मोठी सेटलमेंट होती, हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा गेला. लोकांच्या डोक्यातनं कधी जाईल ते बघू.

आज्ज्याचं सगळं आयुष्य तितर आणि लाव्यात गेलं. फासे म्हणजे काय ते सांगतो, कुणी नीट सांगत नाही. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पीळ घालून गळफास करायचा, बोटाएवढ्या काटक्यांना बांधायचा, अशा पन्नास-साठ काटक्या एका ओळीत गवतात रोवायच्या. मग तितराला तिकडं बोलवायचं. आज्जा दोन्ही हात तोंडाला लावून आवाज काढायचा, 'कतीतर कतीतर', अगदी बारीक सुरू करून चढवत न्यायचा. नर तितराला वाटायचं आपल्या रानात दुसरा कोण आला, आणि तो तणतणत भांडायला यायचा. राग आलेलं तितर खाली बघत नाही, असं आज्जा म्हणायचा. मादीचा आवाज वेगळा, पिलाला बोलवायचा वेगळा, वर शिकरा आला हे सांगायचा वेगळा. मला चार येतात, त्याला किती यायचे ते मोजले नाहीत कुणी. होला, लावा, पखुर्डी सगळ्यांशी बोलायचा. आम्ही पोरं म्हणायचो आज्जा माणसांशी कमी आणि तितराशी जास्त बोलतो.

आणि पद्धत होती. फाशात पोटुशी हरणी किंवा पाडस घावलं तर सोडायचं, हे आमच्याकडं जुनं आहे, बाहेरच्यांनी पण लिहून ठेवलंय. तितराची मादी अंड्यावर असली तर त्या बाजूला फासे लावायचे नाहीत. पुढच्या वर्षी खायचं काय मग?

आता शिकार बंद, १९७२ चा कायदा, ते बरोबरच आहे, मी स्वतः कधी फासा लावलेला नाही, मी बँकेच्या परीक्षा देतोय. पण आज्जा गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय गेलं ते मला नान्नजच्या माळावर गेलं की कळतं. सगळं ओरडत असतं आणि मला चारच शब्द येतात.

पोरीला पाहिजे असेल तर लिहू दे. फक्त 'शिकारी जमात' एवढंच लिहू नको म्हणावं.

---

नान्नज_फाटा

तितर-बितर ठीक आहे पण माळढोक कुणी संपवला मग? पारध्यांनीच ना.

---

माळावरचा_गडी

@नान्नज_फाटा हे वाटलंच होतं कुणीतरी म्हणणार. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ ला झालं, क्षेत्र किती? जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर, त्यात गावं, शहरं, रस्ते, एमआयडीसी सगळं आलं. लोकांना घर बांधायचं तरी परवानगी, त्यामुळं माळढोक म्हणलं की लोक शिव्या द्यायचे. नंतर ते कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. ह्या सगळ्या वर्षांत माळाचं काय झालं? पाणी आलं, ऊस आला, द्राक्ष आलं, गवत गेलं. वरनं विजेच्या तारा. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो, वर्षाला बहुतेक एकच अंडं, ते पण उघड्या जमिनीवर, आणि उडताना समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. शिकार झाली, गोऱ्या साहेबांनी बंदुकीनं केली, आपल्या बागायतदारांनी जीपमधनं केली. पारधी माळढोक संपेपर्यंत खात बसला असं म्हणणाऱ्यानं आधी माळाचा सातबारा बघावा.

@तितराचा_नातू लिहिलंत हे बरं केलंत. 'चारच' म्हणू नका, आमच्यासाठी चार लई आहेत.

---

पक्षी_बघणारी

वाद थांबवा, पोरीच्या चार्टला एक चांगलं देते, शिकार आणि परंपरा ह्याच मुद्द्याचं.

अरुणाचल प्रदेशात न्यीशी जमात आहे. त्यांचे पुरुष वेताची टोपी घालतात आणि तिच्यावर महाधनेशाची चोच लावलेली असते. महाधनेश म्हणजे पिवळी मोठी चोच आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, आपल्या कोकणात पण आहे. चोच म्हणजे मान, न्यीशी असल्याची खूण. पण धनेशाची वीण अशी आहे की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट, आणि काही महिने आतच. नर फळं आणून आणून त्या फटीतनं भरवतो. आता त्या काळात नर मारला तर आतली मादी पण उपाशी आणि पिलं पण. एका टोपीमागं अख्खं घर.

तर २००० नंतर तिथल्या वनखात्यानं आणि वन्यजीव संस्थांनी फायबरच्या चोची करून वाटल्या, रंग-आकार हुबेहूब. आधी कुरकुर झाली असणार, आपण तरी सोन्याच्या जागी बेंटेक्स लगेच घेतो का. पण आता बऱ्याच टोप्यांवर फायबरचीच दिसते. पाक्के व्याघ्र प्रकल्पाजवळ तर न्यीशी गावकरीच धनेशाच्या ढोल्या राखतात, आधी शिकार करणारे पण आहेत त्यात, कारण ढोली कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहिती. शहरातली माणसं एकेक घरटं दत्तक घेऊन पैसे पाठवतात. आणि २०१५ पासून तिथं पाक्के पागा म्हणून धनेशाचा उत्सव भरतो.

चित्र काढताना चोचीवरचा उंचवटा विसरू नको म्हणावं, तो नसला की तो धनेश नाही, टुकान होतो.

---

आक्का_मोहोळ

मी वाचतेच नुसती, लिहीत नाही. पण पिंगळ्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्या लहानपणी मोहोळला पहाटे, उजाडायच्या आत, पिंगळा जोशी यायचा. हातात कंदील, कुडमुडं वाजवायचा. पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड, लिंबाच्या ढोलीत असतंय बघा, गोल डोळे, मान खालीवर करतंय. त्याची भाषा ह्या जोशाला कळती असं सगळे म्हणायचे. दारात उभा राहून सांगायचा, घरात पाळणा हलंल, लांबनं पत्र येईल. आई सुपातनं जोंधळं घालायची. ही माणसं भटकी आहेत, आदिवासी नव्हं, तेवढं लेकराला नीट लिहायला सांगा. पण एकाच गावात घुबड दगड मारायला पण होतं आणि त्याचाच धाकटा भाऊ पिंगळा भविष्य सांगायला पण होता. आमच्या आईला मी विचारलं होतं असं का, तर म्हणली, पिंगळा बारका हाय, त्याला कोण भेतंय.

---

जुळे_सोलापूरकर

मंडळी, काय बोलू. पोरीनं सगळं वाचलं, आक्कांचं तर दोनदा. तिची आई पण शेवटी पापड सोडून येऊन बसली.

चार्ट झाला. एकाचे दोन झाले. बाईंनी वर मोठ्या अक्षरात 'आदिवासी' लिहायला लावलं, ते लिहिलं, पण खाली प्रत्येक चित्राला हिनं पाटी केली, कुणाची गोष्ट, कुठली. संताळ, कोलियान गुरू. गोंड, मंडला. हायडा. कामिलरोई. याओ. न्यीशी. मोरी भिल्ल राहिले, जागा संपली, त्याचं तिला वाईट वाटायलंय. गांडूळ एवढं मोठं काढलंय की हंस बारके दिसायलेत, मी म्हणलं प्रमाण चुकलं, तर म्हणती सगळं काम त्यानंच केलंय. स्थानिक कॉलममधी 'फासेपारधी, सोलापूर' आणि खाली 'ह्यांना तितराची भाषा येते'. 'येत होती' का 'येते' ह्यावर आमच्या घरात अर्धा तास वाद. 'येते' ठेवलंय.

@तितराचा_नातू, तुम्ही मेसेजमधी जो आवाज रेकॉर्ड करून पाठवला, चारपैकी पहिला, तो काल संध्याकाळी गच्चीवर लावला. आमच्या मागं अजून रिकामे प्लॉट आहेत, बाभळी आणि गवत. दोनदा वाजला आणि तिसऱ्या वेळेला मागनं उत्तर आलं! खरंच! कतीतर कतीतर, लई रागात. दहा वर्षं झाली इथं राहून, मला माहिती पण नव्हतं तिथं तितर आहे.

---

पक्षी_बघणारी

छान झालं, पण परत परत वाजवू नका हं. विणीचे दिवस आहेत, तो घरटं सोडून भांडायला येतो आणि तेवढ्यात मांजर काम करून जातं.

---

तितराचा_नातू

ताईचं बरोबर आहे. आज्जा पण ह्या दिवसात घरात तो आवाज काढू देत नव्हता.

---

जुळे_सोलापूरकर

बंद केला. पोरगी म्हणती आता ती स्वतः तोंडानं शिकणार, आणि सकाळपासनं बाथरूममधी प्रॅक्टिस चालूय. शेजारी विचारून गेले.